लाभांशाचं रजिस्टर आणि पानाच्या काठावर तुटणारं टेबल

मावशी काउंटरपाशी उभ्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत पासबुक, आणि पतसंस्थेतले क्लार्क दादा लाभांशाच्या रजिस्टरचं एकच पान तिसऱ्यांदा वरून खाली बोट फिरवत बघत होते. मागच्या पानाच्या तळाशी अनुक्रमांक ७२० आहे, या पानावर ७२२ सापडतोय, मधला ७२१ काही दिसेना. मावशी बराच वेळ गप्प होत्या, मग हळूच म्हणाल्या, "माझं नाव कमी केलं का वो? मालक गेल्यावर शेअर माझ्या नावावर करून घेतलाय मी." मी तिथेच बाजूच्या खुर्चीत बसले होते, दुसऱ्याच कामासाठी गेलेले, आणि ते रजिस्टर माझ्या सॉफ्टवेअरमधून निघालेलं. उठून पान बघितलं तर ७२१ होता, पण पानाच्या अगदी वर, टेबलाच्या हेडिंगखाली दबलेला. 'नाव व पत्ता' या शब्दांवरच मावशींचं नाव छापलेलं, 'लाभांश रुपये' वर त्यांची रक्कम, अक्षरावर अक्षर चढून नुसता काळा पट्टा झालेला. सही करायला जागाच नव्हती.

१,२६० सभासद, एका पानावर १८ ओळी, म्हणजे ७० पानं. पहिलं पान ठीक होतं. बाकी ६९ पानांवर प्रत्येक वेळी पहिली ओळ हेडिंगखाली गेलेली, म्हणजे ६९ माणसं. त्या दिवशी वेगळ्या कागदावर हाताने नावं लिहून सह्या घेतल्या, मावशींचीही घेतली, पण त्यांनी सही करताना जे वर बघितलं ते मी विसरू शकले नाही. पतसंस्थेचा लाभांश काही फार मोठी रक्कम नसते, कुणाचे ३०० रुपये, कुणाचे ९००, पण यादीत आपलं नाव असणं ही त्या माणसाच्या दृष्टीने वेगळीच गोष्ट असते. म्हणून एचटीएमएलची, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यातल्या मजकुराची, पीडीएफ करताना पान संपतं तिथे टेबलाचं काय होतं, यावर मी नंतर बरेच महिने डोकं घातलं आणि जे कळलं ते इथे सविस्तर लिहितेय, कुणा दुसऱ्याला अशा रजिस्टरचं काम आलं तर उपयोगी पडेल.

आधी हे झालं कसं ते. आमचं सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे, रिपोर्टचं एचटीएमएल तयार होतं आणि डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ नावाच्या टूलला दिलं की पीडीएफ मिळते. हे टूल इतकी वर्षं इतक्या लोकांनी वापरलंय की त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, फुकट, एका कमांडवर चालणारं, मराठी छापणारं. पण त्याच्या आत क्यूटी वेबकिट आहे, म्हणजे खूप जुनं ब्राउझर इंजिन, ज्याला मजकूर मांडायच्या आजच्या पद्धतींपैकी फ्लेक्सबॉक्स नीट कळत नाही आणि ग्रिड तर अजिबातच नाही. शेवटची स्थिर आवृत्ती ०.१२.६, ती २०२० ची, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचं गिटहबवरचं कोडचं भांडारच अर्काइव्ह झालं, फक्त वाचण्यापुरतं उरलं. म्हणजे त्यात जे चुकतंय ते आता तसंच राहणार. आणि मी टेस्ट केलेलं १५ सभासदांच्या डेटावर, जो एकाच पानात बसतो. दुसरं पान कधी उघडलंच गेलं नाही.

आता मूळ प्रश्न. स्क्रीनवर पान नसतंच, खाली खाली जात राहतं. जुनी इंजिनं छापताना साधारण हेच करायची, सगळा मजकूर एका लांबच लांब पट्टीवर मांडायचा, कापडाच्या ताग्यासारखा, आणि मग ठरावीक लांबीवर कापायचा. कात्री जिथे पडेल तिथे जर ओळ असेल तर ओळीला थोडं खाली ढकलायचं. साध्या परिच्छेदाला हे चालतं. टेबलात मात्र एका ओळीतले सहा खाने सहा वेगळ्या उंचीचे असतात, नाव दोन ओळींचं, रक्कम एका ओळीची, पत्ता तीन ओळींचा, त्यात वर हेडिंग परत छापायचं म्हणजे पट्टीवर नसलेली जागा मध्येच काढायची, आणि हिशोब चुकला की हेडिंग ओळीवर बसतं किंवा अक्षर मधोमध चिरलं जातं, शिरोरेघ या पानावर आणि खालचा अर्धा भाग पुढच्या पानावर. मराठीत हे फारच वाईट दिसतं, कारण नुसती शिरोरेघ उरली की कुठलंही अक्षर ओळखता येत नाही.

नियमांकडे बघितलं तर तिथेही फार हमी नव्हती. सीएसएस, म्हणजे वेबपान कसं दिसावं हे सांगायची भाषा, तिची २.१ आवृत्ती म्हणते की पेज-ब्रेकचे नियम ब्राउझरने ब्लॉक प्रकारच्या घटकांना लावलेच पाहिजेत, टेबलाच्या ओळींना मात्र लावले तरी चालतील. हेडिंगचंही तसंच, प्रत्येक पानावर ते परत छापलं तरी चालेल. म्हणजे आपण टीआरला, टेबलाच्या ओळीला, पेज-ब्रेक-इनसाइड अव्हॉइड, म्हणजे 'मध्ये तोडू नको', असं लिहायचं, आणि समोरच्याने ऐकलं तर ऐकलं.

तरी पहिला इलाज तोच आहे आणि निम्म्याहून जास्त लोकांचं काम त्यातच होईल. टीहेडला, म्हणजे टेबलाच्या हेडिंगच्या भागाला, डिस्प्ले टेबल-हेडर-ग्रुप स्पष्ट लिहायचं, टीआरला पेज-ब्रेक-इनसाइड अव्हॉइड, आणि त्याच्याच खाली नवीन नाव ब्रेक-इनसाइड अव्हॉइड पण लिहायचं, जुन्या इंजिनला जुनं कळतं, नव्याला दोन्ही. टेबलात टीहेड आणि टीबॉडी, म्हणजे मुख्य ओळींचा भाग, खरोखर वेगवेगळे आहेत ना हेही बघायचं, कारण आमच्या एका जुन्या रिपोर्टमध्ये हेडिंगची ओळ टीबॉडीतच साध्या टीआरमध्ये होती, नुसती ठळक केलेली, मग ती प्रत्येक पानावर कशी येणार. एवढं केल्यावर हेडिंग ओळींवर चढायचं थांबलं. पण सगळ्या रिपोर्टमध्ये नाही. दोन रिपोर्टमध्ये तसंच होत राहिलं, आणि तिथे मला दोन दिवस लागले.

कारण टेबलाच्या बाहेर होतं. टेबलाभोवती बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचातला टेबल-रिस्पॉन्सिव्ह डिव्ह, म्हणजे बाहेरचा एक डबा, होता, मोबाईलवर आडवं सरकवता यावं म्हणून, आणि त्या क्लासला ओव्हरफ्लो ऑटो असतं, म्हणजे मजकूर मावला नाही की स्क्रोल. पान तोडण्याच्या नियमांत असं आहे की स्क्रोल होणाऱ्या डब्याला ब्राउझर अखंड, न तुटणारा मानू शकतो. म्हणजे आत कितीही नीट लिहा, बाहेरचा डबाच म्हणतोय की मला तोडू नका, आणि पान तर कुठेतरी संपायलाच हवं. छपाईच्या सीएसएसमध्ये त्या डब्याला ओव्हरफ्लो व्हिजिबल केलं आणि काम झालं. फ्लोट, इनलाइन-ब्लॉक, ठरावीक हाइट, फ्लेक्स, टेबलाच्या वरच्या आई-आजीपर्यंत कुणालाही यातलं काही लागलेलं असेल तर तिथे शंका घ्यायची. आता मला कुणी टेबल तुटल्याचा स्क्रीनशॉट पाठवला की मी टेबल बघतच नाही, आधी त्याच्या बाहेरचे डिव्ह मोजते.

एवढं करूनही अधूनमधून एखादी ओळ चिरलेली निघायचीच, म्हणून शेवटी हेडलेस क्रोमवर, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोम ब्राउझरवर आलो, पपेटिअर या क्रोमला प्रोग्राममधून चालवणाऱ्या टूलमधून. हा बदल करणाऱ्यांनी आधी एक समजून घ्यावं, क्रोमची आवृत्ती कुठली आहे हे फार महत्त्वाचं आहे. २०२२ मध्ये क्रोमने पानं तोडायचं काम टप्प्याटप्प्याने नव्या लेआउट इंजिनवर नेलं, फ्लेक्स, ग्रिड, टेबल एकेक करत, आणि वर्षाअखेरीस १०८ व्या आवृत्तीत छपाईसुद्धा. आता तो तागा कापत नाही, प्रत्येक डब्याचे खरोखर तुकडे मांडतो, या पानावरचा तुकडा आणि पुढच्या पानावरचा तुकडा वेगळा. ब्रेक-बिफोर आणि ब्रेक-आफ्टरला (याच्या आधी किंवा नंतर पान तोडायचं का) अव्हॉइड हे मूल्य छपाईत तेव्हापासून मानलं जातं. आमच्या सर्व्हरवर त्याच्या आधीचं क्रोम पडून होतं, माझ्या लॅपटॉपवर नवीन, आणि एकच रिपोर्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हेने तुटत होता. आवृत्ती वाढवली आणि निम्म्या तक्रारी गेल्या.

पण नव्या जागी नवे प्रश्न, आणि त्यातले बरेच कुठे एकत्र लिहिलेले सापडत नाहीत.

पपेटिअरला कागदाचा आकार सांगितला नाही तर तो लेटर धरतो, अमेरिकेतला. लेटरची लांबी २७९.४ मिलिमीटर, आपल्या ए-फोरची २९७. फरक १७.६ मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या रजिस्टरच्या दीड ओळीचा. पीडीएफ स्क्रीनवर बघताना काहीच कळत नाही, आणि प्रिंटरवाला 'फिट टू पेज' करून छापतो तेव्हा सगळं जरासं लहान होऊन येतं, म्हणजे तिथेही लक्षात येत नाही. फॉरमॅट ए-फोर लिहा, किंवा अ‍ॅट-पेज नियमात साइझ देऊन प्रिफर-सीएसएस-पेज-साइझ चालू करा, पण एकाच ठिकाणी ठरवा. हेडिंगचा राखाडी रंग गायब झाला तर प्रिंट-बॅकग्राउंड ट्रू करा, तो मुळात बंद असतो.

मग हेडिंग अचानक परत यायचंच बंद झालं. एका रिपोर्टमध्ये, फक्त एकाच. पहिल्या पानावर छान, दुसऱ्यापासून काही नाही. तिथे आम्ही टीहेडमध्येच संस्थेचं बोधचिन्ह, नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, रिपोर्टचं नाव, आर्थिक वर्ष असं सगळं भरलं होतं, हेतू हा की प्रत्येक पानावर संस्थेचं नाव यावं. आणि कागद आडवा, म्हणजे उंची २१० मिलिमीटर. नियम असा आहे की हेडिंग पानाच्या उंचीच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठं असेल तर ते परत छापलं जात नाही, म्हणजे इथे फार तर ५२ मिलिमीटर, मार्जिन वजा जाऊन त्याहूनही कमी, त्याच्या वर गेलं की संपलं. हा नियम शहाणाच आहे, नाहीतर प्रत्येक पानावर हेडिंगच राहील. फक्त तो कुठेही एरर देत नाही, चुपचाप हेडिंग काढून टाकतो. पूर्ण मथळा टेबलाच्या बाहेर पहिल्या पानावर घेतला आणि टीहेडमध्ये संस्थेचं नाव एका बारीक ओळीत ठेवलं.

एकूण बेरजेचं तर आमच्याकडे मोठंच झालं असतं. एकूण बेरीज टीफूटमध्ये, टेबलाच्या तळाच्या भागात, लिहायची ही सवय सगळ्यांना असते, नावच फूट आहे. पण टीफूट हा टीहेडचा भाऊ आहे, तोही प्रत्येक पानावर परत येतो. म्हणजे ७० पानांच्या रजिस्टरात प्रत्येक पानाच्या तळाशी पूर्ण संस्थेच्या लाभांशाची बेरीज, आणि वाचणाऱ्याला वाटणार की ही या पानाची बेरीज आहे. हे लेखापरीक्षकांकडे गेलं असतं तर त्यांनी पहिल्याच पानावर पेन थांबवलं असतं. टीफूटला डिस्प्ले टेबल-रो-ग्रुप केलं की तो एकदाच, शेवटी येतो. मी आता एकूण बेरीज टीफूटमध्ये ठेवतच नाही, शेवटच्या तीन ओळी आणि बेरीज मिळून एक वेगळा टीबॉडी करते आणि त्याला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड देते, म्हणजे बेरीज एकटीच कोऱ्या पानावर जाऊन बसत नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या सह्यांच्या जागेलाही तेच. सह्या कोऱ्या पानावर आणि आकडे मागच्या पानावर, असं पत्रक कुणीही घेऊ नये, कारण ते सह्यांचं पान कशालाही जोडता येतं.

हा वेगळा टीबॉडीचा उपाय मला या सगळ्यातला सगळ्यात आवडता वाटतो, म्हणून थोडं जास्त लिहिते. एका टेबलात कितीही टीबॉडी असू शकतात, एचटीएमएलमध्ये ते पूर्ण वैध आहे, आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. थकबाकीची यादी घ्या. एक कर्जदार आणि त्याचे दोन जामीनदार, म्हणजे तीन ओळी, आणि डावीकडचे खाते क्रमांक, कर्जाचा प्रकार, मुदत हे खाने रोस्पॅन ३ करून तिन्ही ओळींना मिळून एक. पान जर पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये संपलं तर खाते क्रमांक मागच्या पानावर राहतो आणि पुढच्या पानावर दोन जामीनदार येतात ज्यांच्या डावीकडे कोरा खाना असतो. वाचणारा काय समजेल? वरून पहिलंच नाव, बाजूला थकबाकीच्या यादीचं हेडिंग. जामीनदारच थकबाकीदार दिसतो. गावात अशी यादी कुणाच्या हातात पडली तर त्या माणसाला किती ठिकाणी खुलासा करत फिरावं लागेल. टीआरला अव्हॉइड देऊन इथे उपयोग नाही, कारण प्रत्येक ओळ अखंडच आहे, तुटतोय तो तिघांचा गट. प्रत्येक कर्जाचा एक टीबॉडी केला, टीबॉडीला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड, आणि कर्जदार जामीनदारांसकट एकाच पानावर राहायला लागला. कोडमध्ये बदल म्हणाल तर लूपच्या आत टीबॉडी उघडायचा आणि बंद करायचा, दोन ओळींचं काम.

अव्हॉइड सगळीकडे शिंपडू नका मात्र. त्याच यादीत 'कार्यवाहीचा तपशील' असा खाना आहे, नोटीस कधी दिली, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला कधी मिळाला, वसुली अधिकारी कधी जाऊन आले, एकेका खात्याचं हे अर्धं पान भरतं. अशा ओळीला अव्हॉइड दिलं की ती उरलेल्या जागेत बसत नाही म्हणून अख्खी पुढच्या पानावर जाते आणि मागे अर्धं पान पांढरं राहतं, सलग चार पानं अशी आली की बघणाऱ्याला वाटतं मधलं काहीतरी छापायचं राहिलंय. आणि ओळ पूर्ण पानापेक्षाच मोठी असेल तर अव्हॉइड असो नसो, ती तुटणारच, दुसरा मार्गच नाही. तिथे मी ओळीला तुटू दिलं, फक्त खान्यातल्या मजकुराला ऑर्फन्स आणि विडोज ३ दिले, म्हणजे तुटताना दोन्ही बाजूंना निदान तीन तीन ओळी राहतात. मुळात ते २ असतात. डॉमपीडीएफ हे पीएचपीतलं पीडीएफ करायचं टूल वापरणाऱ्यांसाठी सांगते, तिथे हा मार्ग नाही, त्याच्या माहितीपत्रातच लिहिलंय की टेबलाची एक ओळ एका पानात बसलीच पाहिजे. शिवाय त्यात मराठी जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट जागेवर बसत नाही, त्यामुळे मराठी रिपोर्टसाठी मी तो घेणारच नाही. पीएचपीतच राहायचं असेल तर एमपीडीएफ बघा, त्यात भारतीय लिप्यांची सोय आहे. पायथॉनवाल्यांसाठी वीझीप्रिंट चांगलं आहे.

रेघांचं थोडक्यात. बॉर्डर-कोलॅप्स असेल तर शेजारच्या दोन ओळींची रेघ एकच असते, मग पान तुटल्यावर ती कुणाची, आणि बऱ्याचदा तळाची रेघ गायब होते, टेबल उघडंच राहतं. बॉर्डर-कोलॅप्स सेपरेट आणि बॉर्डर-स्पेसिंग शून्य केलं आणि प्रत्येक खान्याला स्वतःची खालची आणि उजवी रेघ दिली की हा प्रश्न उरत नाही.

फॉन्टबद्दल मात्र आपल्या लोकांनी जास्त सावध राहायला हवं. माझ्या विंडोज लॅपटॉपवर निर्मला यूआय आहे, ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मंगल, आणि सर्व्हरवर डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता, पहिल्यांदा तर सगळे चौकोनी डबेच आले. मग लोहित हा देवनागरी फॉन्ट टाकला, अक्षरं आली, आणि पानं पुन्हा हलली. कारण प्रत्येक देवनागरी फॉन्टची ओळीची उंची वेगळी, वरती वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं यांना किती जागा ठेवायची हे ज्याने त्याने वेगळं ठरवलंय. एका ओळीत एका मिलिमीटरचा फरक पडला तरी १८ ओळींत १८ मिलिमीटर होतात आणि अठरावी ओळ पुढच्या पानावर जाते. म्हणून आता नोटो सान्स देवनागरीची फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवलीये, फॉन्ट-फेसने तीच लावते, लाइन-हाइट स्वतः १.५ लिहिते, आणि पीडीएफ काढायच्या आधी डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडी होईपर्यंत थांबते, नाहीतर फॉन्ट येण्याआधीच पानं मोजली जातात.

आणि आता परत लाभांशाच्या रजिस्टरकडे, कारण त्याचा शेवटचा उपाय यातला कुठलाच नाही.

त्या गडबडीनंतर आठवडाभराने क्लार्क दादांनी मला कपाटातून एक जुनं रजिस्टर काढून दाखवलं, हाताने लिहिलेलं, लाल कापडी बांधणीचं. ते रोखपाल म्हणून लागले तेव्हाचं, त्यांच्या आधीच्या रोखपालांच्या अक्षरातलं. प्रत्येक पानाच्या तळाशी या पानाची बेरीज, त्याखाली 'पुढे नेले', आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' आणि तोच आकडा. लिहिणाऱ्याने पान सुरू करायच्या आधीच खालच्या दोन ओळी सोडून दिलेल्या, त्यात नाव कधी लिहायचंच नाही. दादा म्हणाले, "ताई, पान कुठं संपतंय हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असायचं, म्हणून कुणाची ओळ कधी तुटली नाही. आणि एखादं पान फाटलं, हरवलं तरी मागच्या पुढच्या आकड्यावरून कळायचं त्यात किती होते." मी ते पान बराच वेळ बघत बसले. माझ्या रजिस्टरात हे काहीच नव्हतं.

पानाची बेरीज सीएसएसने होत नाही. टीफूट प्रत्येक पानावर येतो पण जसाच्या तसा येतो, प्रत्येक पानाला वेगळा आकडा त्यात येऊ शकत नाही. एमपीडीएफमध्ये कॉलमची पानापुरती बेरीज टेबलाच्या फूटरमध्ये मिळायची सोय आहे, 'कोलसम' नावाची, आणि हे काम करताना कुणीतरी हिशोबनीसाचा विचार केला होता याचं मला फार बरं वाटलं. पण मागील पानावरून आणलेला आकडा तरीही आपल्यालाच बघायचा. म्हणून मी सरळ ठरवलं की या रजिस्टरात पान ब्राउझरने तोडायचंच नाही, मी तोडणार, जुन्या रोखपालांसारखं, आधीच.

सहीचं रजिस्टर असल्यामुळे हे शक्य होतं, कारण सहीला जागा लागते आणि ती सगळ्यांना सारखीच लागते. एका ओळीची उंची १२ मिलिमीटर, पक्की. १८ ओळींचे २१६. हेडिंगला २०. 'मागील पानावरून', 'या पानाची बेरीज' आणि 'पुढे नेले' मिळून २० मध्ये बसवल्या. झाले २५६. कागद २९७, वर खाली १५ १५ चं मार्जिन गेलं की २६७ उरतात, म्हणजे ११ मिलिमीटर हातात राहतात, प्रिंटरच्या लहरींसाठी. पीएचपीमध्ये सभासदांचे १८ १८ चे गट केले, प्रत्येक गटाचं वेगळं टेबल, प्रत्येक टेबलानंतर ब्रेक-आफ्टर पेज, शेवटच्याला सोडून, नाहीतर शेवटी एक कोरं पान निघतं. बेरजा पीएचपीतच, पान लिहितानाच.

फक्त नाव १२ मिलिमीटरमध्ये बसलं पाहिजे. साधं नाव बसतं. पण आमच्याकडे 'कैलासवासी अमुक यांचे वारस श्रीमती अमुक, अज्ञान पालक कर्ता अमुक' अशीही नोंद असते, तीन ओळींची, आणि टेबलाच्या खान्याला हाइट दिली तरी तो ती कमीत कमी उंची म्हणूनच घेतो, मजकूर जास्त झाला की वाढतोच. नाव कापायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, टिंबं टिंबं देऊन तर अजिबात नाही, कारण माणूस सही करण्याआधी आपलं नाव पूर्ण वाचतो. मग खान्याच्या आत पक्क्या उंचीचा डिव्ह, आणि मजकूर त्यात मावत नसेल तर पीडीएफच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट त्याच नावाचा फॉन्ट अर्ध्या अर्ध्या पॉइंटने खाली आणते, ८ पॉइंटपर्यंत. ८ मध्येही मावलं नाही तर रिपोर्ट निघतच नाही, त्या सभासदाचा क्रमांक दाखवून थांबतो. असे १,२६० मध्ये दोघे निघाले, त्यांचा पत्ता त्या खान्यातून काढून वेगळ्या खान्यात टाकला.

पान क्रमांकही मराठीत हवे होते. पपेटिअरच्या स्वतःच्या फूटरमध्ये आकडे इंग्रजीच येतात, पण क्रोमच्या १३१ व्या आवृत्तीपासून पानाच्या मार्जिनमध्ये सीएसएसनेच मजकूर लिहिता येतो आणि काउंटरला देवनागरी ही शैली देता येते, त्यामुळे '७० पैकी पान ४१' सरळ तिथेच येतं, आपल्या आकड्यांत.

टेस्टसाठी आता १५ सभासदांचा डेटा नाही. एक खोटी यादी केलीये, १८, १९, ३६, ३७ आणि १,२६० नावांची, सगळ्यात लांब नावं मुद्दाम अठराव्या आणि एकोणिसाव्या जागी टाकलेली, म्हणजे बरोबर पानाच्या काठावर. पीडीएफ निघाली की तिच्यातला मजकूर परत बाहेर काढून अनुक्रमांक १ पासून शेवटपर्यंत सगळे आहेत का आणि शेवटच्या पानावरचं 'मागील पानावरून' अधिक त्या पानाची बेरीज ही मंजूर लाभांशाएवढी येते का हे एक स्क्रिप्ट बघते. एकमेकांवर चढलेली अक्षरं मात्र या तपासणीत सापडत नाहीत, मजकूर तर असतोच आत, म्हणून छापायला देण्याआधी प्रत्येक पानाची वरची पहिली ओळ मी स्वतः डोळ्याने बघते, सत्तरच्या सत्तर. वीस मिनिटं लागतात.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, त्यामुळे यंदाचं रजिस्टर ऑगस्टमध्येच काढून दादांकडे नेलं. त्यांनी आधी ४१ वं पान उघडलं. ७२१, वरून पहिलीच ओळ, हेडिंग आणि 'मागील पानावरून' च्या खाली, मोकळी, सहीला पूर्ण जागा. मग त्यांनी मागचं पान उलटून ४० व्या पानाचा 'पुढे नेले' आणि ४१ व्याचा आकडा पेन्सिलने टिक केला, मग तसंच सगळं रजिस्टर शेवटपर्यंत टिक करत गेले, आणि मला सांगितलं की डावीकडे अजून पाच मिलिमीटर सोड, बांधणीत अनुक्रमांक आत जातोय. ते आता करायला घेतेय.